खुनी कोण ते पुस्तिकाही सांगत नाही
"एकदा खुनी कळला की रहस्यपट जपून ठेवण्यात काय मजा, संग्राहक नुसते दुर्मीळपणाला भुलतात" हे जुने चित्रपट जमवणाऱ्यांबद्दलचं एक मत वाचलं, ते अर्धंच पटलं. 'पाठलाग' (१९६४) घ्या. त्यावरून निघालेला 'मेरा साया' (१९६६) पाहिलेल्यांना उलगडा आधीच ठाऊक असतो, तरी ते मूळ मराठी चित्रपट शोधत येतात. दिग्दर्शक राजा परांजप्यांनी तीच गाठ कशी बांधली, हे त्यांना बघायचं असतं.

पण या चर्चेत चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिकांचा विषय कुणी काढतच नाही. त्या काळी थिएटरबाहेर मिळायच्या त्या पातळ पुस्तिकांत कथासार असायचं आणि ते ऐन मोक्याला तुटायचं: पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा! आता ज्या चित्रपटाची प्रिंटच उरलेली नाही, त्याची पुस्तिका हातात आली तर? पात्रं कळतात, खून कळतो, संशयित कळतात. खुनी मात्र कायमचा फरार. मला गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या रद्दीत अशीच एक मिळाली, मागचं पान वाळवीनं खाल्लेलं. (वाळवीलाही शेवट सांगायचा नसावा.) पूर्ण चित्रपटाच्या डीव्हीडीपेक्षा मला तीच जास्त छळते.

आपल्याकडच्या दमट हवेत कुणी जुनी रिळं बाळगून असेल तर एक सांगतो. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट फिल्म (जुन्या रिळांची एक प्रकारची प्लास्टिक पट्टी) कुजायला लागली आहे. तो डबा लगेच बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि डिजिटल प्रत आधी त्याचीच करून घ्या.