घरचा कारखाना, घरचाच इंजिनीअर: तुमचे अनुभव

घरच्याच कारखान्यात काम करणाऱ्या इंजिनीअरांनी मोकळेपणाने लिहावं. शिकलेलं कुठे कामी आलं, कुठे अपुरं पडलं? सुरुवात माझ्यापासून.

शिरोली, कोल्हापूर: आमची बिडाची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. मेटलर्जी (धातुशास्त्र) शिकून आलो त्याच पावसाळ्यात कास्टिंगला (ओतलेल्या नगाला) ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, पडायला लागले. मी कार्बन-सिलिकॉनचे आकडे तपासत बसलो. वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डर मामांनी मूठभर वाळू दाबली, गोळा मोडला, मोडलेली कड बघितली. म्हणाले, "वाळू वली हाय, बापू." मोजली तर ओलावा ५ टक्के, आम्हाला ३.५ च्या आसपास लागतो. पत्रा गळून ढीग एका अंगाने भिजत होता. तेव्हापासून दर दोन तासांनी ओलावा मोजतो. आधी मामा मुठीने अंदाज सांगतात, मग मीटरचा आकडा फळ्यावर चढतो. नवी पोरं दोन्ही शिकली. हे मला माझ्या पदवीइतकंच मोलाचं वाटतं.

कोकवर चालणारी जुनी क्युपोला भट्टी काढून विजेवरची इंडक्शन भट्टी घ्यायला आप्पांनी चार वर्षं लावली. मी फार चिडायचो. कर्जाचे कागद हातात आले तेव्हा समजलं, राहतं घर तारण होतं.

भोसरी: सासऱ्यांचं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) वर्कशॉप. मी मेकॅनिकलची. ऑपरेटर मला ओलांडून थेट बाबांकडे जायचे. एका जॉबचा (मशीनवरच्या नगाचा) बोअर, म्हणजे आतलं भोक, सकाळी मापात, दुपारी वीस मायक्रॉनने बाहेर. सगळ्यांना इन्सर्टचा (कापणाऱ्या पात्याचा) संशय. मी चार दिवस दर तासाला बोअर मोजून वहीत लिहिला. मशीन तापेल तसं माप सरकत होतं. आता सकाळी आधी मशीन रिकामं फिरवतो, तापलं की जॉब लावतो. बाबांनी ती वही स्वतःच्या टेबलावर ठेवली. त्यानंतर मशीन लावून देणारे सेटर माझ्याकडे यायला लागले.

सातपूर, नाशिक: मशीनचा बिघाड सापडतो, अडकलेल्या बिलाचं काय? लघुउद्योगाचे पैसे जास्त मुदतीचा करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचे, असा कायदा आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदत उलटली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत ती रक्कम खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. तरी एका मोठ्या गिऱ्हाईकाने चार महिने लावले. निम्मं काम त्यांचंच, तक्रार कुठल्या तोंडाने करणार? त्या वर्षी काकांनी ठेव मोडली आणि धनत्रयोदशीच्या आधी सगळ्यांचा बोनस दिला.