मदत हवी आहे: घरांची दुरुस्ती झाल्यावरही जुने रहिवासी वस्तीत राहू शकतील, यासाठी काय करावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वस्तीत बहुतेकांचं हातावरचं पोट आहे. काही घरं राहणाऱ्यांच्या मालकीची, बरीचशी भाड्याची. छपरं गळतात, भिंतींची ओल वर्षभर हटत नाही, वायरिंग जुनाट आहे आणि सांडपाण्याची सामाईक लाइन सारखी तुंबते. आम्ही काही जणांनी मिळून एक गट केला आहे. दुरुस्तीसाठी थोडं अनुदान आणि थोडं कर्ज मिळेल अशी चिन्हं आहेत. काम कुठून सुरू करायचं यावर मतभेद नाहीत: आधी छप्पर, मग नळ आणि ड्रेनेज, मग वायरिंग. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी, कारण गळती न थांबवता दिलेला रंग टिकत नाही.

अडचण वेगळीच आहे. दुरुस्तीची नुसती कुणकुण लागली तर काही घरमालक भाडं वाढवण्याची भाषा करू लागले. इथलं भाडं परवडतं त्यामागे घरांची दुरवस्था हेच मोठं कारण आहे. उद्या गळती थांबली, रस्ता नीट झाला, की आज भांडी लावून पाणी झेलणाऱ्या कुटुंबालाच घर सोडावं लागेल. सार्वजनिक पैशातून झालेल्या सुधारणेचा फायदा जमिनीच्या भावात जिरणार असेल, तर हे सगळं आम्ही कोणासाठी करायचं?

शोधताना कम्युनिटी लँड ट्रस्टची माहिती मिळाली. यात जमीन रहिवाशांच्या विश्वस्त संस्थेकडे राहते आणि घर कुटुंबाच्या मालकीचं असतं. जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, बऱ्याच ठिकाणी ९९ वर्षांच्या, दिलेली असते. अमेरिकेत बर्लिंग्टन शहरात १९८४ साली अशी संस्था सुरू झाली. तिथं घर विकणाऱ्याला स्वतः भरलेली रक्कम परत मिळते, पण वाढलेल्या किमतीतला फक्त २५ टक्के हिस्सा. बाकीची वाढ घरातच राहते, म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते परवडतं. बोस्टनच्या डडली स्ट्रीट भागात तर रहिवाशांच्या संस्थेला १९८८ मध्ये पडीक जमिनी सक्तीने संपादित करण्याचा अधिकार मिळाला होता. पोर्तो रिकोमधल्या कान्यो मार्टिन पेन्या इथलं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटलं. तिथला तुंबलेला कालवा साफ झाल्यावर जमिनीचे भाव चढतील आणि आपल्याला हुसकावलं जाईल, हे लोकांनी आधीच ओळखलं आणि जमीन सामूहिक मालकीत आणली. त्यासाठी २००४ साली कायदाही झाला.

थायलंडमध्ये २००३ पासून ‘बान मनकाँग’ कार्यक्रम चालू आहे. तिथं वस्त्या आधी बचत गट बांधतात, मग सहकारी संस्था एकत्रित कर्ज काढते आणि जमीन विकत किंवा भाडेपट्ट्याने घेते. एकेकट्याला घर विकायला भाग पाडणं त्यामुळे अवघड होतं. आमच्या लोकांना हे पटेल असं वाटतं, कारण बचतीची सवय इथं आहे.

आता माझे प्रश्न.

आधी मालकीची व्यवस्था लावायची की आधी दुरुस्ती? मला वाटतं, जमिनीचे भाव चढण्यापूर्वीच ती संस्थेकडे यायला हवी. पण गळक्या छपराखाली राहणाऱ्याला आणखी दोन पावसाळे थांब असं कोणत्या तोंडाने सांगू? कोणी दोन्ही एकत्र चालवलं आहे का?

भाडेकरूंचं काय? माझ्या लेखी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. मालकाला दुरुस्तीचं अनुदान देताना ‘इतकी वर्षं भाडं ठरावीक मर्यादेपुढे वाढवणार नाही आणि आत्ताच्या भाडेकरूला काढणार नाही’ अशी अट करारात घालता येते, हे ठाऊक आहे. मालकाने अट मोडली तर अनुदान व्याजासह परत घेण्याचं कलम प्रत्यक्षात वापरलं गेल्याचं कोणी पाहिलं आहे का? आणि मधल्या काळात घर दुसऱ्याला विकलं गेलं, तर नव्या मालकाला ती अट लागू राहावी म्हणून काय करावं लागतं? नोंदणीकृत करार पुरतो का?

मूल्यवाढीच्या हिश्श्यावरून गटात वाद आहे. ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांची आयुष्यभराची कमाई त्यात अडकलेली आहे. पुढे विकताना पूर्ण भाव घेऊ नका म्हटल्यावर त्यांना राग येतो, आणि तो मला समजतो. मुलांना वारसाहक्काने घर मिळेल हे सांगितलं की थोडे शांत होतात. तुमच्याकडे हा हिस्सा कसा ठरला?

दुरुस्तीनंतरच्या देखभालीचा निधीही हवा. दरमहा थोडी रक्कम सगळ्यांकडून घ्यायची म्हटलं, तर ज्याची मजुरी एखाद्या महिन्यात बुडते त्याला सूट कशी द्यायची?

गृहनिर्माण संस्था, वस्ती संघटना किंवा वकिली क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया लिहावं. फसलेले अनुभवही सांगा, तेही तितकेच उपयोगी पडतील. अशा संस्थेची नियमावली किंवा भाडेपट्ट्याचा मसुदा कोणाकडे असेल तर नावं झाकून इथंच डकवा. गटात बरेच जण कागदपत्रं वाचायला बिचकतात, त्यांना मी एकेक कलम सोप्या भाषेत समजावून सांगेन.