मदत हवी आहे: वाडीची मुक्कामी एसटी परत सुरू करायला लोकसंख्या कुठली दाखवायची?

नमस्कार मंडळी,

माझी वाडी सातारा जिल्ह्यात, ढेबेवाडी खोऱ्याच्या वरच्या अंगाला. महसुली गाव खाली, आम्ही चार किलोमीटर वर डोंगरात. पूर्वी संध्याकाळी मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे आणि सकाळी सहाला गाडी खाली निघायची. त्यात दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, कराडला दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं. २०२१ च्या संपात ती बंद पडली. एप्रिल २०२२ मध्ये संप मिटला, खालच्या गावांच्या फेऱ्या हळूहळू सुरू झाल्या. आमची नाही झाली.

आगारात दोनदा जाऊन आलो. भारमान मिळत नाही म्हणतात, म्हणजे गाडीतल्या जागा पुरेशा भरत नाहीत, आणि विचारतात, वाडीची लोकसंख्या किती?

तिथंच मी अडतो. २०११ च्या जनगणनेत आकडा महसुली गावाचा आहे, वाडी वेगळी दिसतच नाही. शिवाय ती मोजणी झाली फेब्रुवारीत. फेब्रुवारीत वाडीत असतं कोण? कर्ती माणसं मुंबईला, बरीचशी माथाडी कामात. मीही त्यातलाच. घरं भरतात ती गणपतीला, यात्रेला आणि मे महिन्यात. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची मोजणी २०२७ ला, तीही फेब्रुवारीतच.

आणि मला वाटतं, तो आकडा मिळाला तरी गाडीत कोण बसणार हे त्यातून कळणार नाही. मी मुंबईत असताना मला ती गाडी लागत नाही. लागते ती मागं राहिलेल्यांना. आई ७८ वर्षांची आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पुतणी अकरावीला आहे तिला अहिल्याबाई होळकर योजनेतला फुकट पास. यातलं काहीच वडापमध्ये (खाजगी शेअर जीपमध्ये) चालत नाही. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि पावसात वरपर्यंत येतही नाही. मग पोरगी फाट्यापर्यंत चालत जाते, पहिला तास बुडतो. भाऊ आता तिच्यासाठी कराडात खोली बघतोय. वहिनीही तिच्याबरोबर जाईल म्हणतेय, म्हणजे अजून एक चूल बंद.

कुणी बंद झालेली फेरी परत सुरू करून घेतली आहे का? अर्जाला कुठला आकडा जोडला? वाडीचा वेगळा ठराव चालतो का?

---

प्रतिसाद (शिराळा तालुका, सांगली):

दादा, आमच्या वाडीचं असंच झालं होतं. लोकसंख्येच्या मागं लागू नका, प्रवासी दाखवा. पण माणसं मोजायचीच असतील तर अंगणवाडी सेविकेकडे कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर असतं, त्यात घरटी प्रत्यक्ष राहणारी माणसं सापडतात. मतदार यादी जोडू नका, त्यात तुमच्यासारखी मुंबईची नावं निघतात आणि साहेब तेवढंच धरून बसतात.

ठराव वाडीचा नाही, ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेचा लागतो. त्याला पासवाल्या मुलामुलींची यादी आणि कॉलेजचं वेळेसह पत्र जोडा. अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना, दोन्हीकडे पोचशिक्का घ्या. आमचा पहिला अर्ज तोंडीच फिरवला होता, शिक्क्यामुळे दुसऱ्याला लेखी उत्तर द्यावं लागलं. रस्त्याचंही बघा. साइडपट्ट्या खचल्या असतील किंवा गाडी वळवायला जागा नसेल तर तेवढ्यावरच नकार येतो. मुक्कामी आधी मागू नका. सकाळची एक आणि संध्याकाळची एक फेरी मागा. आमची तशीच सुरू झाली.

---

धागाकर्ता:

मनापासून आभार. रजिस्टरचं डोक्यातच आलं नव्हतं. अंगणवाडीताई आमच्या भावकीतल्याच आहेत, रात्री फोन करतो. गाडी वळायची ती देवळापुढची जागा, तिथं आता वाळू-खडी टाकलीय. ती रविवारी पोरांकडून हलवून घेतो. ग्रामसभेला मी स्वतः येणार आहे, रजा टाकली.