पोरगं वाया चाललंय म्हणणाऱ्या काकांना, जरा सविस्तर

हरिपूरची आत्या

परवाची पोस्ट बहुतेकांनी वाचलीच असेल, तरी ज्यांची हुकली त्यांच्यासाठी: 'गल्लीतल्या पोराला दहावीला ८८ टक्के. सायन्सला घातलंय. आता केस वाढवलेत, म्हणतंय गाणी बनवणार आणि ग्राफिक डिझाईन करणार. आईबापांनी वेळेत कान पिळला नाही की पोरगं असं वाया जातं. सांगलीत असल्या धंद्यावर भडंगाचा पुडासुद्धा सुटायचा नाही.' खाली दीडशे लाइक आणि 'अगदी बरोबर बोललात'ची रांग.

नाव नव्हतं, पण गल्ली, टक्के आणि 'केस वाढवलेत' एवढं वाचून घरातल्या तिघांनी मला स्क्रीनशॉट पाठवले. ते पोरगं माझा भाचा. जूनमध्ये सोळा पूर्ण झाली त्याला.

काका, तुम्हाला तो खिडकीत हेडफोन लावून मान हलवताना दिसतो. मी काय बघितलं ते सांगते. गेल्या गणपतीत मंडळाच्या अहवालाचं मुखपृष्ठ त्यानं केलं. 'साताऱ्याच्या' या शब्दातला ऱ्य स्क्रीनवर फुटत होता, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसत होत्या. छापणारा म्हणाला, मराठी अशीच येते, शब्द बदला. पोरगं रात्री दीडपर्यंत बसलं. फोटोशॉपच्या सेटिंगमध्ये 'साउथ एशियन' असा एक पर्याय असतो, तो हुडकून काढला आणि अक्षरं जागेवर आली. वाया गेलेली पोरं एका अर्ध्या र साठी दीडपर्यंत जागतात होय?

आणि त्या ८८ टक्क्यांचं कौतुक करताय ना, त्यात इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या ए ग्रेडचे सात मार्क आहेत. टक्के मोजताना चित्रकला चालली, पुढं नको.

माझा भाऊ अजून तयार नाही, हेही लपवत नाही. रोज जेवताना तोच विषय निघतो आणि आमटी गार होते. पण ते आमच्या घरात. तुम्ही चौकात का मांडलंत?

कुपवाड एमआयडीसी

पोस्ट माझी. नाव घेतलं नव्हतं, तुम्हीच अंगावर ओढून घेतलीत.

ताई, मी बावीस वर्षं शेड चालवतोय. आज सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, उभं राहायला पोरगं मिळत नाही. गेटवर 'ऑपरेटर पाहिजे'चा बोर्ड लावून तो पावसात गंजला. जे येतात ते दुपारपर्यंत राहतात, तीन वेळा मोबाइल बघतात आणि उद्यापासून येत नाहीत. सगळ्यांना रील करायचंय, गाणं करायचंय, डिझायनर व्हायचंय. मग नटबोल्ट कोण करणार?

पलूसचा द्राक्षवाला

काका, तुमच्या शेडमध्ये माणूस नाही म्हणून तिच्या भाच्यानं गाणं सोडायचं? मला पण थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, माणसं मिळत नाहीत, पाठवा त्याला इकडं.

मास्तर (निवृत्त), विटा

विषय भरकटवू नका. कलेला माझा विरोध नाही. पण जरा इतिहास बघा. दीनानाथराव मंगेशकरांएवढा गळा कुणाचा होता? सांगलीत चित्रपट कंपनी काढली आणि त्यात बुडाले. १९४२ साली गेले तेव्हा वय एक्केचाळीस. थोरल्या मुलीला तेराव्या वर्षी सिनेमात तोंड रंगवून उभं राहावं लागलं. आपण 'आशाताई आमच्या सांगलीत जन्मल्या' म्हणून छाती फुगवतो, त्या घरानं काय सोसलं ते कुणी बोलत नाही. दीनानाथांची ही गत, तर लॅपटॉपवर धडधड वाजवणाऱ्या पोराची काय होईल?

आधी शिक्षण, मग छंद. आणि गाणंच करायचं असेल तर रीतसर गुरूकडं जा, विशारद व्हा. बटणं दाबली की संगीत होत नाही.

हरिपूरची आत्या

मास्तर, मी मध्यमा पूर्ण आहे, विशारदच्या आधीची परीक्षा. पुढची परीक्षा दिली नाही कारण त्या वर्षी लग्न ठरलं आणि सासरी तानपुरा ठेवायला जागा नव्हती. पलंगाखाली शिवणयंत्र मात्र मावलं. 'आधी हे, मग छंद' हे वाक्य मी चोवीस वर्षं ऐकतेय. ते 'मग' अजून यायचंय.

मिरजकर

मास्तर, बटणांवर बोललात म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसतं वाचत होतो.

आमचं घर सतारमेकर गल्लीतलं. फरीदसाहेब सतारमेकरांच्या काळापासून, म्हणजे दीडशेच्या वर वर्षं, मिरजेत हे काम चाललंय. आमचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारी गेल्या, तसे वाद्यांकडं वळले. हे आता गौरवानं सांगतात, पण त्या वेळीही कुणीतरी म्हणालंच असेल की तलवारवाल्याचं पोरगं भोपळे कोरत बसलंय.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. फोटो निघाले, पेढे वाटले. पण खरं सांगू? माझा मुलगा या कामात नाही, आणि मीच त्याला येऊ दिला नाही. जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता आवाज, लावायला कान तयार व्हायला दहा वर्षं जातात. घोडी घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा घासायची. एका केसाचा फरक. एवढं करून गिऱ्हाईक विचारतं, 'तानपुऱ्याचं ॲप फुकट आहे, मग हा एवढा महाग का?' त्यामुळं कुपवाडच्या काकांचं मला सगळंच चूक वाटत नाही. वाटायला पाहिजे होतं.

एक मात्र आहे. आत्याबाईंचा तो भाचा बहुतेक गेल्या दिवाळीत आमच्याकडं आला होता. केस वाढवलेला, माईक घेऊन. तानपुऱ्याचा आवाज घ्यायचाय म्हणाला. मी म्हटलं ॲपवरचा घे की. तर म्हणाला, 'त्यात दोऱ्याची खरखर नसते.' जवारीची ती खरखर ऐकणारं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

आणि मास्तर, किराना घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०५ च्या सुमाराला गाण्याच्या तबकड्या केल्या, तेव्हा ते यंत्र कितीतरी मोठ्या गवयांना विटाळासारखं वाटायचं. आज दर्ग्यात त्यांच्या नावानं उत्सव करतो आणि त्यांना ऐकतो ते त्याच यंत्रामुळं.

मास्तर (निवृत्त), विटा

खाँसाहेबांशी तुलना? धन्य आहात.

फ्लेक्सवाला

गाण्यातलं मला कळत नाही. डिझाईनवर बोलतो, कारण अकरा वर्षं तेच खातोय.

काकांचं भडंगाचं वाक्य जवळजवळ बरोबर आहे, पण त्याला कारण काकाच आहेत. म्हणजे सगळेच. गिऱ्हाईक येतं, दहा बाय पाच सांगतं. पन्नास स्क्वेअर फूट, बारा रुपयानं सहाशे. 'डिझाईन त्यातच ना?' हो, त्यातच. डिझाईनचा पैसा म्हटला की समोरच्या दुकानात जातो. मग व्हाट्सअपवर फोटो येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणून मी बोर्ड लावलाय, कुणी वाचत नाही. तिकिटाएवढा फोटो, तो पाच फुटांचा करायचा. पाठीमागचं बाथरूमचं दार कापून तिथं वाघ टाकायचा.

गेल्या महिन्यात एका वाढदिवसाला त्रेचाळीस शुभेच्छुक होते. त्रेचाळीस मुंडकी कापून लावली. रात्री अकराला फोन, आमच्या अध्यक्षांचं डोकं उपाध्यक्षांपेक्षा लहान दिसतंय. वाढवलं. मग उपाध्यक्षांचा फोन. दीड वाजता अध्यक्षांचा फेटा नेत्याच्या कानाला लागला म्हणून नेत्याचा माणूस दुकानात. सकाळी सहाला बोर्ड चढला. या सगळ्याचे डिझाईनचे पैसे: शून्य. चहा मी पाजला.

पलूसचा द्राक्षवाला

😂😂 वाघ माझ्या मेव्हण्याच्या बोर्डावर पण होता. पुढच्या आठवड्यात मयताच्या बोर्डावर पण तोच वाघ.

कुपवाड एमआयडीसी

मग मी काय वेगळं म्हणालो? फ्लेक्सवाले भाऊ स्वतः सांगतायत पैसा नाही.

फ्लेक्सवाला

काका, तुमच्या कंपनीच्या पंचविसाव्या वर्षाचा लोगो मीच केला होता. त्याचे पैसे अजून यायचेत. नावगाव इथं लिहीत नाही.

कुपवाड एमआयडीसी

हा काय प्रकार आहे? बावीस वर्षं झालीत माझ्या शेडला, पंचवीस कुठली? दुसऱ्या कुणाचं बिल माझ्या नावावर फाडू नका. पुरावा द्या नाहीतर माफी मागा.

फ्लेक्सवाला

बरं, मग दुसरे काका असतील. एमआयडीसीत सगळ्यांचं बोलणं सारखंच असतं. माफी. त्यांना निरोप द्या.

अजिंक्यताऱ्याखालची

मी मूळची सातारची, पुण्यात जाहिरातीच्या ऑफिसात नऊ वर्षं आहे. फ्लेक्सवाले दादा, मनापासून नमस्कार, पण तुमचा धंदा आणि या मुलाचं शिक्षण यात गल्लत होतेय. डिझाईन म्हणजे फक्त फ्लेक्स नाही. औषधाच्या पाकिटावरची मात्रा म्हाताऱ्या माणसाला वाचता येते की नाही, एसटी स्टँडवरचा फलक लांबून कळतो की नाही, हे सगळं कुणीतरी ठरवतं. विंडोजमध्ये मराठी ज्या मंगल फाँटमध्ये दिसायचं, तो आर. के. जोशी सरांनी केला, आणि ते आयआयटी मुंबईत शिकवायचे. आत्ता एआय आलंय, कॅनव्हासारखी तयार डिझाईनची ॲप आहेत, पण त्यातही मराठी अक्षर नीट बसलंय का ते कुणीतरी बघावंच लागतं. भाच्याला जमलं.

आत्या, व्यवहाराचं सांगते. सायन्स सोडायची गरज नाही. आयआयटीच्या डिझाईनसाठी यूसीड नावाची प्रवेश परीक्षा असते, ती कुठल्याही शाखेच्या बारावीवाल्याला देता येते, पण दोनच संधी. बीएफएसाठी, म्हणजे कलेच्या पदवीसाठी, राज्याची वेगळी सीईटी आहे, त्यातून उपयोजित कलेला जाता येतं. घराजवळ हवं तर कोल्हापूरचं कलानिकेतन आहेच.

गाण्याच्या पैशाचं मात्र काका बरोबर आहेत, सॉरी. स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याला दमडीही मिळत नाही, २०२४ पासून तसा नियम आहे. त्यामुळं पोट डिझाईनवर आणि जीव गाण्यावर, असं निदान सुरुवातीला तरी.

मास्तर (निवृत्त), विटा

'एसटी स्टँडवरचा फलक लांबून कळतो' म्हणे. विट्याच्या स्टँडवर या एकदा. तीन वर्षं झाली, मी स्वतः दोन अर्ज दिले...

पलूसचा द्राक्षवाला

मास्तर विषय भरकटवू नका 😄

आणि एक माहिती. आमच्या शेजारी किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मुंबईला जे.जे. कला महाविद्यालयात चित्रकलाच शिकायला गेले होते. आता बोला.

कुपवाड एमआयडीसी

बोलतो की. त्यांना रंग नीट ओळखू येईनात म्हणून त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले. म्हणून लोखंडी नांगर निघाला, म्हणून १९१० ला वाडी वसली. चित्रकला सुटली म्हणून महाराष्ट्राचं भलं झालं. माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभारी आहे.

अजिंक्यताऱ्याखालची

काका, यांत्रिक ड्रॉइंग पण ड्रॉइंगच. हात कुठं तयार झाला?

कुपवाड एमआयडीसी

तुम्हाला शब्दांत कुणी धरू शकत नाही.

माझंही ऐका आता. माझा धाकटा इंजिनिअर झाला. मीच केला. पहिल्या वर्षीपासून रडत होता. चार वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षं लागली, कॉलेजचं नाव घेत नाही, त्यांची चूक नाही. आता पुण्यात कुठल्याशा कंपनीत रात्रपाळीला अमेरिकेचे फोन उचलतो. शेडवर येत नाही. सणाला आला की माझ्याशी हवामानावर बोलतो. लहानपणी तबला बरा वाजवायचा, तो मी मोडीत नाही काढला, माळ्यावर आहे. हे लिहायचं नव्हतं.

तरी सांगतो, पोराचा कान पिळायला पाहिजे. फक्त कुठल्या बाजूनं, ते मला आता कळत नाही.

मास्तर (निवृत्त), विटा

तबल्याची पुडी, ते वरचं कातडं, माळ्यावर उंदीर खातात. खाली काढा.

हरिपूरची आत्या

काका, पोस्ट तेवढी काढा. बाकी माझं भांडण संपलं असं समजू नका.

कुपवाड एमआयडीसी

काढणार नाही. 'वाया' हा शब्द बदलतो. शब्द बदलायला तुमच्या भाच्याचा विरोध असेल तर राहू दे तसाच.

मिरजकर

😀

फ्लेक्सवाला

आत्या, एक विचारायचं होतं. ते 'साउथ एशियन' सेटिंग नक्की कुठं असतं? मी अजून श्रीलिपीच्या जुन्या मराठी फाँटवरच काढतोय, फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की सगळा गोंधळ. शनिवारी पोराला पाठवता का दुकानात? डिझाईनचे वेगळे पैसे देईन, खोटं बोलत नाही.

थांबा, शनिवारी नको. तीन वाढदिवस आणि एक बारसं आहे. रविवारी पाठवा.