'बायोसिग्नेचर'ला मराठीत काय म्हणाल?

खडूफळा: मंगळावरच्या चेयावा फॉल्स खडकावर लेख लिहितोय. 'पोटेन्शियल बायोसिग्नेचर'ला, म्हणजे जिवामुळे झालं असू शकेल अशा गोष्टीला, मी 'संभाव्य जैवखूण' लिहिलं, संपादकबाईंनी 'संभाव्य' उडवून 'जीवसृष्टीच्या खुणा सापडल्या' केलं, म्हणे एकच आहे की. एकच कसं? पर्सिव्हरन्स रोव्हरला जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवरात हा खडक दिसला, त्यावर बिबट्यासारखे मिलिमीटरभर ठिपके, कडेला व्हिव्हिअनाइट, मध्ये ग्रेगाइट ही लोहाची खनिजं असावीत असं म्हणतात. पृथ्वीवर चिखलातले सूक्ष्मजीव असं करतात, पण जिवाशिवायही होऊ शकतं.

वाटसरू: मुळात 'खूण'च चुकीचा. खूण म्हटलं की कुणीतरी ती केलीय हे आलंच. 'लक्षण' घ्या. ताप हे लक्षण, मलेरिया की आणखी काय ते रक्त तपासल्यावर.

तिरशिंगराव: बायोसिग्नेचरच लिहा हो. रेडिओला आकाशवाणी करून काय मिळवलं?

पोथीनिष्ठ: न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, नेमका शब्द आहे, लिंग, ज्यावरून अनुमान काढायचं ते. धूर हे आगीचं लिंग. धुक्यालाच धूर समजलात तर हेत्वाभास, कारणच खोटं. शास्त्रज्ञ आत्ता हेच तपासतायत.

तिरशिंगराव: 'मंगळावर जैवलिंग सापडले' छापून दाखवा, मग बोलू 😂

चकली: १९९६ आठवतंय का कुणाला? अंटार्क्टिकात मिळालेला, मंगळावरून आलेला एएलएच ८४००१ अशनी, आत अळीसारखे आकार, खुद्द क्लिंटन टीव्हीवर. आमच्या बाबांनी अख्ख्या चाळीत मंगळावर जीव मिळाला म्हणून सांगितलं, पुढे त्या आकारांची जिवाशिवायची कारणं निघाली ती बातमी कुठे आली पेपरात?

खडूफळा: तेच तर! नासावाल्यांनी सुचवलेली सात पायऱ्यांची कोल्ड (CoLD) पट्टी आहे, जीव सापडल्याची खात्री किती ते सांगणारी. पहिलीवर नुसता संकेत, दुसरीवर भेसळ नाही ना ते बघायचं, जिवाशिवायची माहीत असलेली कारणं बाद होतात ती चौथीवर. 'सापडल्या' हे क्रियापद सातव्या पायरीचं आहे, आणि नमुना अजून नळीत भरून मंगळावरच पडलाय.

वाटसरू: मग 'सुगावा'?

चकली: सुगावा पोलिसांना लागतो. 'मागमूस' बघा, कसला गोड शब्द आहे.

वाटसरू: मागमूस कायम नकारातच येतो, मागमूसही नव्हता. 'मागमूस सापडला' कुणी म्हणतं का?

चकली: आमच्याकडे म्हणतात. माग म्हणजे मार्ग, आणि मूस ती सोनाराची असणार.

पोथीनिष्ठ: सोनाराचा काय संबंध? काहीही.

चकली: मग तुम्ही सांगा की मूस कुठली.

खडूफळा: अहो, 'संभाव्य' ठेवू की नको?

तिरशिंगराव: मूस म्हणजे उंदीर. संस्कृत मूषक. उंदराचा माग!