मदत हवी आहे : जेवणानंतरची फेणी आणि द्राक्षासव एकच का?

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातले. मामंजींना (वय ७२, साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू) जेवल्यावर पोट गच्च होतं. गोव्याच्या पाहुण्यांनी काजूची फेणी आणून दिली, ‘आयुर्वेदिकच आहे, द्राक्षासवासारखीच, पचनाला बरी’ म्हणून. आता रोज रात्री छोटा पेला गरम पाण्यातून घेतात.

माझ्या माहितीप्रमाणे द्राक्षासव (द्राक्षांचं आयुर्वेदिक औषध) धायटीची फुलं घालून आंबवतात, ऊर्ध्वपातन करत नाहीत, म्हणून त्यात मद्यार्क थोडाच असतो. फेणी भट्टीतून काढलेली, चाळीस टक्क्यांच्या वर. मग दोन्ही एकच कशी? चरकसंहितेत मद्याला दीपन (भूक, पचन वाढवणारं) म्हटलंय खरं, पण ती आंबवलेली मद्यं. शिवाय मेटफॉर्मिनवर दारू धोक्याची, म्हणून मला खरी काळजी वाटते.

ओवा-सैंधव झालं. हिंगाष्टक तुपातून पहिल्या घासाला दिलं, थोडा फरक पडला. डॉक्टरांनी फेणी बंद करायला सांगितलंय, पण मामंजी ‘औषधच आहे’ म्हणतात. द्राक्षासवात गूळ-साखर, तेही नको वाटतं.

इथल्या वैद्यांना विचारायचंय : भट्टीची फळदारू पचनासाठी सांगणारा आयुर्वेदात काही आधार आहे का? आणि मद्य, गूळ दोन्ही नसलेलं, मेटफॉर्मिनसोबत चालणारं जेवणानंतरचं काय देता येईल?