झिपच ठेवूया, रार नको
आपल्या संग्रहातल्या फाइली एकत्र बांधायला झिपऐवजी रार फॉरमॅट सुचवलंय ते साइज कमी होते म्हणून, पण संग्रहात आहे काय तर दशावताराची एमपीथ्री रेकॉर्डिंगं नि जत्रेचे जेपीईजी फोटो, म्हणजे आधीच दाबून बारीक केलेला माल, तो रारमध्ये घाला नायतर सेव्हन-झेड या तसल्याच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये, फरक नावालाच पडणार. शिवाय रार उघडता फुकट येतं, बनवायला मात्र लायसन्सवालं सॉफ्टवेअर, उद्या कुडाळ-वेंगुर्ल्याच्या कोणाला फाइल जोडायची झाली की अडलंच. झिप १९८९ पासून आहे, विंडोजमध्ये वेगळं काही न टाकता उघडतं.

हां, एक गोम आहे. झिपमधल्या फाइलींची यादी अगदी शेवटी असते, त्यामुळे पावसात रेंज गेली आणि डाउनलोड अर्ध्यावर राहिलं की 'फाइल करप्ट' म्हणून बोंब. तेव्हा आख्खा सीझन एकात कोंबू नका, एका नाटकाची एक झिप करा. आणि देवनागरी नावं, जुन्या सॉफ्टवेअरने झिप केली की हमखास चौकोन नि प्रश्नचिन्हं होऊन येतात, झिपमध्ये युटीएफ-८ ची (म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं नीट साठवायच्या पद्धतीची) सोय २००६ ला आली, म्हणून सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर नवीन घेऊन वापरा, फुकट आहे, त्यात झिप फॉरमॅटही निवडता येतो. पासवर्ड कृपया कोणी टाकू नका, वर्षभराने टाकणाऱ्यालाच आठवत नाही.